साहेबाचं लोखंड आणि करवंदं

"दांडा कापी टाकसूत. गोठाना दारले मस्त कोयंडा व्हई."

माजघरात मी कणीक चाळत होते. वाक्य ओसरीवरून आलं आणि आवाज सासऱ्यांचा होता. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. कशाचे दांडे कापायचे ते पाहावं म्हणून मी चाळणी खाली ठेवली आणि दाराच्या फटीला डोळा लावला. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं, आणि धुळ्यातलं बरंचसं जग मी त्या फटीतूनच पाहिलेलं होतं.

ओसरीवर पोतं पसरून त्यावर आबांनी लिलावातला माल मांडला होता. नदीपलीकडच्या बंगल्यात राहणारे अमेरिकन पाद्रीसाहेब कायमचे आपल्या देशी निघाले होते आणि त्यांचं घरसामान लिलावात निघालं होतं. आबांना लिलावाचा फार नाद. लागणारी वस्तू मात्र ते कधी आणत नसत. त्या दिवशी तीन पायांची खुर्ची होती, काच नसलेला कंदील होता, हरणाच्या शिंगांची एक खुंटी होती. या सगळ्यात एक काळंकुट्ट लोखंडी प्रकरण पडलेलं. हातभर लांबीचे दोन दांडे सांडशीसारखे एकमेकांना जोडलेले आणि टोकाला दोन जाड गोल ताटल्या, एकीवर एक मिटणाऱ्या. आबांनी दांडे फाकवले तशा ताटल्या उघडल्या. आतून त्या चौकटी-चौकटींच्या होत्या, सोंगट्यांच्या पटासारख्या.

"हाई साहेबनी इस्तरी शे," आबा म्हणाले. "सदराना कॉलर ह्यामा दाबतंस."

"कॉलरवर चौकडा उठतीन ना मग," अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. उन्हाळ्याची जामनेरहून माहेरी आलेली, आणि माहेरी आल्यावर कुणाचंही ऐकायचं नाही हे ठरवूनच आलेली. "तुम्हले काय समजस आबा! मडमना केस वाकडा कराना चिमटा शे हाऊ."

सासूबाई लांबूनच बघत होत्या. बैलांना डाग द्यायचं साधन असावं, असं त्यांचं मत पडलं.

"काय बी राहो," आबा म्हणाले. "उद्या बाजार शे, लोहार इ जाई. दांडाना कोयंडा, आनि ताटल्या तागडीले धडा म्हनीसन."

त्या घरात त्या वस्तूचं नाव एकटीला मला माहीत होतं. आणि सांगायची सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंड बंद. आबांना मला काही सांगायचं असलं तर ते माजघराच्या चौकटीला सांगत. "चौकटीले सांगी ठेवस, पाहुणा येनार शेत, चहा ठेवा." चौकट ऐके, मी चहा ठेवी. माझ्याकडून उत्तर हवं असेल तर बांगड्या होत्या. एकदा किणकिणल्या म्हणजे हो. काहीच वाजलं नाही म्हणजे नाही. वर्षभर आमचं दोघांचं या भाषेत अगदी उत्तम चाललं होतं.

खरं म्हणजे ही चाल मला सोयीची होती. शेजारच्या बाया माझी कीव करत, बिचारी शिकलेली पोर, तोंडाला कुलूप. त्यांना काय सांगणार? माझे वडील कालव्यांच्या खात्यात, दर दोन वर्षांनी बदली, म्हणून मला पुण्याच्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात ठेवलेलं. तिथे मी बोलावं म्हणून मला बाकावर उभी करत. इथे मी बोलत नाही म्हणून चारचौघांत माझं कौतुक होई. इतका सुखाचा बदल आयुष्यात कुणाच्या वाट्याला येतो! आबा आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, "मन्ही सून फाडफाड इंग्रजी बोलस." पाहुणे माझ्याकडे बघत. मी चहाची बशी पुढे करी. बंद पडलेल्या पण मोठ्या किमतीच्या घड्याळाकडे पाहावं तसं ते पाहत आणि चहा पिऊन जात.

पण त्या लोखंडाचं तसं नव्हतं. बोर्डिंगात आमच्या मिसबाईंकडे अगदी असंच एक होतं. वर्षातून एकदा, त्यांच्या वाढदिवसाच्या सकाळी, त्या त्यात वॉफल नावाचा पदार्थ करत. आमच्या धिरड्याचाच गोरा भाऊ म्हणा, पण जाड, बाहेरून कुरकुरीत आणि अंगभर चौकोनी खड्डे. त्यांच्या घरून डबाबंद ब्लूबेरी येत. ती जांभळी-काळी फळं त्या पिठात घालत आणि वरून त्यांचा रस ओतत. रस एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात उतरत जाई. आम्ही मुली तो कुठवर जातो ते बघत बसायचो. दिवसभर सगळ्यांच्या जिभा निळ्या. घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलीसुद्धा त्या दिवशी आरशात जीभ बघून हसत.

सासरी आल्यापासून मला येणारी एकही गोष्ट कुणाच्या उपयोगी पडली नव्हती. विणलेल्या मोज्यांना खानदेशात गिऱ्हाईक नाही. पियानो इथे नव्हताच. स्वयंपाकात मी शिकाऊ. सासूबाई हातावर मांडा फिरवून खापरावर टाकत तेव्हा तो अख्खा पसरे. मी टाकला की त्याचा नकाशा होई. या घरात मला ठाऊक असलेली आणि इतरांना ठाऊक नसलेली अशी पहिलीच वस्तू आली होती, आणि उद्या तिचे कोयंडे होणार होते. आमचे यजमान असते तर त्यांच्याकरवी आबांना कळवलं असतं. पण ते जळगावला नोकरीला, शनिवारी रात्री यायचे. बाजार त्याआधीच होता.

मी अक्कांना परसात गाठलं आणि सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, तशाच ओसरीवर गेल्या.

"आबा, तुमनी सून म्हणस, हाई खावानं करानं शे!"

"लोखंडनं?"

"लोखंडमा! पीठ टाकानं, दाबानं, भाजानं."

आबांनी ते प्रकरण पुन्हा उघडलं, मिटलं. मग चौकटीकडे वळून म्हणाले, "खरंच का व?"

मी बांगड्या वाजवल्या. इतक्या जोरात की एक पिचली.

"मग सकायले नाश्त्याले करीसन दखाड म्हना. चांगलं लागनं तं ठेवसूत. नही तं कोयंडा."

इतकं साधं होतं ते. मला फक्त वॉफल करता येत नव्हतं. मी ते खाल्लं होतं, भरपूर खाल्लं होतं, आणि जेवणघराच्या झरोक्यातून मिसबाईंच्या हालचाली पाहिल्या होत्या. पण ते मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नव्हती.

पहिली अडचण अंड्यांची. घर माळकरी. मिसबाई अंडी फेसायच्या हे मी मनातल्या मनात पुसून टाकलं आणि पीठ हलकं व्हायला काही लागेल, एवढंच अक्कांना म्हटलं. उन्हाळ्यातले पापडाचे दिवस होते, घरात पापडखाराची पुडी उघडीच होती. "घाल," अक्का म्हणाल्या. "पापड फुगस, मग हाई का नही फुगाव?" ताकात पापडखार टाकून पाहिला. सूं करून फेस आला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

दुसरी अडचण ब्लूबेरीची, आणि तिचं उत्तर दारावर चालत आलं. साक्रीकडच्या डोंगरातल्या बाया त्या दिवसांत करवंदांच्या पाट्या घेऊन गल्लीत येत. पिकून काळी पडलेली, फोडली की आतून लालभडक, आणि चव आंबट की गोड ते शेवटपर्यंत न सांगणारी. अक्कांनी पळसाच्या पानात भरभरून घेतली. संध्याकाळी मी केसातल्या आकड्याने एकेका करवंदातल्या बिया काढत बसले. चिकाने बोटं एकमेकांना चिकटत होती. अक्का समोर बसून मदत करत होत्या, म्हणजे मी साफ केलेली खात होत्या.

"ती तुन्ही निळी फयं अशीच लागतंस का?"

"नाही अक्का. त्यांना इतकी चव नसते."

"मग त्यास्नं कशाले इतकं कौतुक?"

मी साफ केलेल्या करवंदांची वाटी त्यांच्यापासून जरा लांब सरकवली.

तिसरी अडचण मला त्या रात्री कळलीच नाही, कारण ती अडचण आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. सासूबाईंनी त्या लोखंडाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "पाद्रीना घरनं! त्यामा काय काय शिजाडेल व्हई, देवले ठाऊक." त्यांचं म्हणणं, परसात तीन दगडांची चूल मांडा, आणि त्याआधी हे शुद्ध होऊ द्या. मग त्यांनी पदर खोचला. चिंचेच्या कोळाने ते घासलं. राखेने घासलं. नारळाच्या शेंडीने एकेका चौकोनाचे कोपरे खरवडले. मग गोवऱ्यांच्या जाळात पुरून ठेवलं, आणि निवल्यावर पुन्हा राख. आत किती वर्षांची काळी तुकतुकीत साय धरली होती, ती सगळी निघून गेली. सकाळी पाहिलं तर लोखंड देवाच्या ताम्हणासारखं लखलखत होतं. सासूबाई थकलेल्या होत्या आणि फार प्रसन्न होत्या. मीही म्हटलं, किती छान निघालं!

परसात चूल पेटली. कणीक मी फडक्यातून गाळली होती. ताक, दूध, थोडी साखर, तुपाचा हात, पापडखार आणि करवंदं असं पीठ भिजवलं. उरलेल्या करवंदांचा साखरेत रस आटवून ठेवला. त्याचा रंग पाहून माझं मन एकदम बोर्डिंगात जाऊन आलं. आबा ओसरीवर पाटावर बसले, पुढे पितळी ताट, काखेत वर्तमानपत्र. नाश्ता हा शब्द त्यांनी त्या दिवशी गल्लीतल्या तिघांना तरी ऐकवला होता.

मी ताटल्या तापवल्या, तूप लावलं, पीठ ओतलं, मिटलं. वास सुटला. अक्का म्हणाल्या, "व माय, वास तं भलता चांगला शे!" जरा वेळाने मी दांडे फाकवले.

उघडेना. अक्कांनी एक दांडा धरला, मी दुसरा. ओढलं. कर्रकन उघडलं तेव्हा अर्धं वॉफल वरच्या ताटलीला चिकटलेलं होतं, अर्धं खालच्या. मधली करवंदं तेवढी मोकळी होती, ती राखेत पडली.

दुसऱ्याचंही तेच. उलथन्याच्या टोकाने चौकोन चौकोन उकरून अक्कांनी तो चुरा वाटीत घातला आणि बेधडक ओसरीवर नेऊन ठेवला. आबांचा आवाज परसात आला.

"हाई काय शे? खरवड?"

"पह्यलं असंच येस, आबा."

"कोयंडा चांगला व्हई," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

मी चुलीसमोर बसून राहिले. लखलखीत चौकोनांतून करपलेलं पीठ उकरताना मला एकदम आठवलं की मिसबाई बाकी सगळी भांडी आमच्याकडून घासून घेत, पण या लोखंडाला कुणाला पाणी लावू देत नसत. नुसतं फडक्याने पुसून खुंटीला टांगत. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी लोखंडाकडे पाहिलं. नव्या तव्याला त्या स्वतःच तेल पाजून पाजून काळा करत. त्या उठल्या आणि शेंगदाण्याच्या तेलाची बुधली घेऊन आल्या.

तेल लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचं, पुसायचं, पुन्हा तेल. परसात एवढा धूर झाला की शेजारणीने भिंतीवरून डोकावून आग कुठे लागली म्हणून विचारलं. "आग नही, नाश्ता!" अक्का ओरडल्या. हळूहळू चौकोन तपकिरी झाले, मग काळसर. पातेल्यात बघितलं तर एकाच वॉफलचं पीठ उरलं होतं. करवंदं वेचून झाली होती, त्यांतली निम्मी अक्कांच्या पोटात होती. नव्याने करायचं तर आबा तोवर बाहेर पडले असते आणि लोखंडही त्यांच्याबरोबर गेलं असतं.

ते शेवटचं पीठ मी ओतलं. अजिबात चिकटलं नाही, नुसतं सुस्कारलं. ताटल्या मिटल्या आणि तेवढ्यात वासराने दावं सोडवलं.

माचीवर पापड वाळत घातले होते. वासरू सरळ तिकडे गेलं. सासूबाई धावल्या, अक्का धावल्या. वासरू पापड तोंडात धरून गोठ्याला वळसा घालून पसार झालं आणि त्याच्या मागे त्या दोघी. आणि नेमके त्याच क्षणी आबा स्वतः परसात आले. उशीर का होतोय ते पाहायला आले होते.

मी चटकन पदर पुढे ओढला, उठले आणि चुलीपासून दोन पावलं मागे, लिंबाच्या खोडाशी तोंड फिरवून उभी राहिले. रीतच तशी होती. आबांनी इकडेतिकडे पाहिलं. चौकट जवळ नव्हती, म्हणून ते चुलीशीच बोलले.

"कोनी धरेल नही का? मी धरस."

ते उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही दांडे घट्ट धरले. बसण्याच्या ढंगावरूनच कळत होतं की लिलावातून ही वस्तू त्यांनी का उचलली होती. त्यांना ती आवडली होती. मघाच्या खरवडीनंतरही आवडत होती. दांडे किंचित उघडून ते आत डोकावले, खूश झाले आणि पुन्हा मिटले.

ते उलटायला हवं होतं. मिसबाई जरा वेळ एका बाजूने ठेवत आणि मग मनगटाच्या एका झटक्याने लोखंड पालथं घालत. आबांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. खालच्या ताटलीच्या कडेने आधी निळा धूर निघाला, मग तो पांढरा झाला. मी बांगड्या वाजवल्या.

"जमनं ना?" आबा चुलीला म्हणाले. "माले वाटनंच."

आमच्या भाषेत बांगड्या म्हणजे हो. मी पुन्हा वाजवल्या, दोन्ही हातांच्या.

"हा, हा. समजनं." त्यांनी जाळ पुढे सारला.

मग मी अगदी गप्प राहिले. आमच्या भाषेत त्याचा अर्थ नाही. पण आबांनी काही विचारलेलंच नव्हतं, तेव्हा नाही कशाला, हे त्यांना कसं कळणार? मी खोकले. "धूर व्हई राह्यना," आबा मायेने म्हणाले आणि मला धूर लागू नये म्हणून स्वतःच थोडे आडवे सरकले. आता मला लोखंड दिसेनाही. गोठ्यामागून अक्कांचा आवाज आला, "धर व, धर, पापड सोडाव!" त्या इतक्यात येणार नव्हत्या. साखर जळायला लागल्याचा कडवट वास आला. माझं सगळं वॉफल त्या एका बाजूवर होतं.

पुढे आबा ही गोष्ट जळगाव-जामनेरपर्यंत सांगत फिरले, सूनबाईंची पहिली इंग्रजी म्हणून. ती इंग्रजी नव्हती. गोठ्याच्या दाराला आमच्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं सुतळीच बांधत होते, एवढंही सांगून ठेवते. पण त्या घटकेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी लिंबाकडून तोंड वळवलं. पदर कधी घसरला ते कळलं नाही. वर्षभर न वापरलेला आवाज एवढा मोठा असेल अशी मला कल्पना नव्हती, शेजारीण पुन्हा भिंतीवर आली इतका मोठा, आणि शब्दसुद्धा बोर्डिंगातले नाही, या घरातलेच आले.

"आबा, उलटं करा ना! जयी राह्यनं!"